आण्णांच्या स्टुडिओतल्या न लागलेल्या कॅसेटी

व्हिडिओच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक कॅसेट घेऊन येतं, कॅसेट घेऊन जातं, आणि येता-जाता काउंटरवर जे बोलून जातं ते आपल्याकडंच पडून राहतं. कॅसेटींना बुरशी लागते. याला लागत नाही.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आण्णांचा स्टुडिओ होता. मी मूळची इंदापूरची. लग्न होऊन बारामतीत आले आणि आण्णांकडं टायटल टाकायला लागले. 'चि.' आणि 'सौ. कां.' फुलांच्या चौकटीत बसवायचं, हे माझं काम. दिलीप कॅमेरा धरायचा. आण्णा मिक्सिंग करायचे आणि गिऱ्हाइकाशी बोलायचे. आम्ही तिघंच.

ही सगळी नव्वदनंतरची वर्षं. लोकांना वाटायचं, व्हिडिओ म्हणजे व्हिडिओ. मशीनमध्ये घातला की दिसणार. ते तसं नसतं, हे एकेकाला समजावून सांगण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. आता स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. दिलीप कधी भेटला की आम्ही चहा घेतो आणि न लागलेल्या कॅसेटींच्याच गोष्टी काढतो. लागलेल्या कुणाच्या लक्षात राहतात?

*

इंदापूरकडचे एक आबा होते. मोठे बागायतदार, उसाच्या मळ्यातच घर. त्यांचा मुलगा शिकून अमेरिकेला गेला आणि तिकडंच राहिला. नातू बोलायला लागला तसा मुलानं त्याची व्हिडिओ कॅसेट पाठवली.

आबांनी वस्तीवरच्या सगळ्यांना बोलावलं. ओट्यावर टीव्ही मांडला. आजींनी कॅसेट लावायच्या आधी टीव्हीलाच हळदकुंकू वाहिलं. आणि चित्र लागलं तर काय, नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वर सरकताहेत. मधूनच एखादं डोकं दिसतं आणि निघून जातं. आवाज म्हणावा तर नुसती घरघर.

दुसऱ्या दिवशी आबा कॅसेट घेऊन आमच्याकडं. दिलीपनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि नीट सांगितलं की कॅसेट दिसायला सारखीच असली तरी चित्र भरायची रीत देशादेशात वेगळी असते. तिकडची एनटीएससी, आपली पाल.

आबांनी दचकून भिंतीकडं बघितलं.

ती पाल नव्हे, हे सांगण्यात आणखी एक चहा गेला. मग ती कॅसेट पुण्याला पाठवली. तिथं एक जण अमेरिकेच्या कॅसेटीवरून आपल्या रीतीची कॅसेट करून द्यायचा, पण त्याच्याकडं ही गर्दी. पाऊस येऊन गेला, दिवाळी होऊन गेली, तेव्हा कुठं कॅसेट आली. मी माहेरी निघालेच होते, म्हणून वाटेत आबांकडं स्वतः नेऊन दिली.

या वेळी वस्ती बोलावली नव्हती. आबा, आजी आणि मी. चित्र सुरेख लागलं. हिरवंगार गवत, त्यावर लाल स्वेटर घातलेलं गोरंगोमटं पोर, आणि ते एकसारखं बोलत होतं. सगळं इंग्रजीत. मध्ये एकदा आईनं त्याला काहीतरी शिकवलं, तेव्हा 'आबा' एवढं म्हणालं आणि पुन्हा इंग्रजीत सुटलं.

आजींनी शेवटपर्यंत बघितलं. कॅसेट संपल्यावर मला म्हणाल्या, "चित्र पुण्यास्नं बदलून आणलंत, लई झालं बया. आता ह्येची बोली कुठं बदलून मिळंल?"

आबा विहिरीवरची मोटार चालू करायला म्हणून उठून गेले. लाईट तर केव्हाच गेली होती. टीव्ही जनरेटरवर लावलेला होता.

*

शिंदे गुरुजींचा किस्सा सांगताना दिलीप आधी हसतो, शेवटी नाही.

गुरुजी बारामती तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक. कडक माणूस. त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं आणि त्यांच्यासमोर हसायची कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाले तेव्हा गावानं मोठा निरोप समारंभ केला. भाषणं संपता संपेनात. समितीवाल्यांचं म्हणणं होतं, सगळं एकाच कॅसेटीत बसवा, दोन दोन कॅसेटी गुरुजी कुठं सांभाळत बसणार?

एका कॅसेटीत जास्त बसवायचं तर टेप हळू फिरवून भरावी लागते. आण्णांच्या मशीनमध्ये ती सोय होती. आण्णांनी तशी भरली. पण हळू भरलेली टेप हळू फिरवणारं मशीन समोरच्याकडंही लागतं, आणि गुरुजींच्या घरचा व्हीसीआर जुना. त्याला एकच चाल माहीत.

गुरुजींच्या घरी लेकी, जावई, नातवंडं जमलेली. कॅसेट लागली आणि सरपंच तुरुतुरु पळत स्टेजवर आले. चिमण्यांसारखा आवाज काढून पाच-सहा हातवारे केले, बसले. चेअरमन आले, चिवचिवले, बसले. नातवंडं लोळायला लागली. मोठी माणसं तोंडावर हात धरून बसली.

मग गुरुजींचं भाषण आलं.

त्या दिवशी बोलता बोलता गुरुजी सगळ्या गावासमोर रडले होते. दिलीप सांगतो, मांडवात एक माणूस हलला नाही, त्याला स्वतःला कॅमेऱ्यात दिसेना झालं होतं. आता तेच रडणं पडद्यावर दुप्पट वेगानं चाललं होतं. खांदे नाचताहेत, रुमाल वर-खाली होतोय, आणि आवाज चिमणीचा. सगळ्यात जास्त हसू तिथंच झालं.

गुरुजी शांतपणे उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कॅसेट आणून काउंटरवर ठेवली. आण्णा ओशाळले. म्हणाले, उद्या दोन कॅसेटीत साध्या चालीनं भरून देतो, अगदी जसं झालं तसं दिसेल. गुरुजींनी मान हलवली.

"राहू द्या," ते म्हणाले. "रडणं तेवढ्यातच उरकायला हवं होतं मी."

ती कॅसेट त्यांनी परत नेली नाही. आण्णांनी तरीही दोन कॅसेटीत भरून ठेवली होती. त्यांच्या घरून कुणी मागायला येईल म्हणून किती वर्षं फळीवर होत्या त्या.

*

मोरगावचे नामदेव मेस्त्री ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. हाताला असं वळण की बिघडलेली कुठलीही वस्तू त्यांच्यापुढं ठेवावी. त्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा नारळ त्यांच्या वडलांच्या हातून फोडला. त्यांचा मेव्हणा दुबईला होता. तो सुट्टीवर आला होता, त्याच्याकडं तळहाताएवढा कॅमेरा होता. त्यानं तो सगळा कार्यक्रम टिपला, छोटीशी कॅसेट मेस्त्रींच्या हातात दिली आणि कॅमेरा घेऊन दुबईला परत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात वडील वारले. फोटो म्हणावा तर रेशनकार्डावरचा. मग मेस्त्रींना त्या कॅसेटीची आठवण झाली.

ते स्टुडिओत आले. दिलीपनं कॅसेट हातात घेऊन सांगितलं की ही ज्या कॅमेऱ्यात भरली तसल्याच कॅमेऱ्यात लागणार, आपल्या मशीनमध्ये नाही. मेव्हणा आला की कॅमेरा आणायला सांगा, मी तारा जोडून मोठ्या कॅसेटीवर उतरवून देतो. मेस्त्रींनी विचारलं, मेव्हणा दोन वर्षांनी येणार, तवर काय? दिलीप म्हणाला, तवर थांबायचं.

मेस्त्री थांबणारे नव्हते. त्यांनी घरी एक मोठी जुनी कॅसेट खोलली, तिची टेप काढून टाकली आणि छोट्या कॅसेटीतली टेप तिच्या चाकांवर गुंडाळली. काम एवढं सफाईदार केलं की स्क्रूसुद्धा हलला नव्हता. पुढच्या गुरुवारी बाजाराला आले तेव्हा ती कॅसेट घेऊन आले. दिलीप शूटिंगला गेला होता. आण्णांना वाटलं, साधी कॅसेट आहे. त्यांनी मशीनमध्ये घातली.

आतून असा आवाज आला की आण्णांनी थेट वायर उपटली. मशीन उघडलं तर टेप सगळीकडं गुंडाळलेली, चुरगळलेली, जागोजाग तुटलेली. मेस्त्रींनी बोटांनी एक तुकडा उचलला, दुसऱ्या हातात मोठी टेप धरली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितल्या. एक बारीक, एक रुंद.

"रुंदी बघितलीच न्हाय मी," ते म्हणाले. "चाकं बसली म्हणून खूश झालो."

आण्णांचं मशीन त्यांनी तिथंच बसून दुरुस्त करून दिलं. टेपचे तुकडे एका पिशवीत भरून घरी नेले.

पुढं सुगीच्या दिवसांत दिलीप मोरगावला एका जावळाच्या शूटिंगला गेला होता. मेस्त्रींच्या रानावरून जाताना त्याला बाजरीवर टेपच्या पट्ट्या ताणलेल्या दिसल्या. वाऱ्यानं त्या गुणगुणतात, चमकतात, पाखरं बसत नाहीत. तसं बरेच जण करतात. पण या पट्ट्या बारीक होत्या. बांधावर मेस्त्रींची आई शेरडं घेऊन बसली होती. दिलीपला राहवलं नाही. त्यानं विचारलं, आजी, ही टेप त्या कॅसेटीतलीच ना?

"तीच की," म्हातारी म्हणाली. "सारा जन्म रानातल्या माळ्यावर बसून पाखरंच राखली त्यांनी. राखू द्या."

*

मग आमच्याकडं कॉम्प्युटर आला.

आण्णांनी पुण्याहून आणला. त्याला मागून कॅमेऱ्याची वायर जोडली की कॅसेटीवरचं लग्न कॉम्प्युटरमध्ये फाइल होऊन बसायचं. मी कोर्स केला आणि टायटलच्या मशीनवरून त्याच्यापुढं जाऊन बसले. आण्णांना वाटलं, सुटलो. आता पाल नाही, एनटीएससी नाही, छोटी कॅसेट नाही, मोठी कॅसेट नाही. फाइल म्हणजे फाइल.

तसं नव्हतं. मला कळत गेलं तसं मी आण्णांना सांगत गेले. फाइलच्या नावापुढं एव्हीआय लिहिलंय, ते नुसतं डब्याचं नाव आहे. आत चित्र एका तऱ्हेनं दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या तऱ्हेनं. ज्या तऱ्हेनं भरलं, ती तऱ्हा समोरच्या मशीनला माहीत असली तरच ते मोकळं होतं. डबा उघडला म्हणून आतलं मिळेलच असं नाही.

आण्णा म्हणाले, "म्हणजे डबेही सारखेच दिसणार आणि आपण पुन्हा गिऱ्हाइकाला समजावत बसणार." आणि नव्यानं चहा सांगितला.

*

कॉम्प्युटर आल्यावरच्या पहिल्या लग्नसराईतली गोष्ट. भिगवणजवळच्या एका गावची मुलगी, नाव मंदाकिनी. तिच्या लग्नाची कॅसेट आण्णांनी कॉम्प्युटरला जोडली, चालू केली आणि पुढच्या लग्नाचा हॉल बघायला निघून गेले. व्हीसीआरची सवय. लावलं की भरत राहणार. मी त्या आठवड्यात माहेरी होते.

फाइल एका मापाच्या पुढं वाढतच नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तो डबाच तेवढा. भरला की भरला. कॉम्प्युटर ओरडत नाही, भांडत नाही, मुकाट थांबतो. आण्णा परत आले, सुरुवात बघितली, झकास वाटली. कॅसेटींची टंचाई होती, दिवसाला दोन-दोन लग्नं. मंदाकिनीच्या कॅसेटीवर दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न भरलं गेलं.

मी आले आणि टायटल टाकायला फाइल उघडली. नवरदेव आला. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी सूर ओढून 'शुभमंगल' म्हटलं आणि चित्र थांबलं. पुढं काही नाही.

आण्णांनी खुर्चीत बसून ते पुन्हा पुन्हा बघितलं. भटजींचं तोंड उघडं, करवल्यांच्या हातातल्या अक्षता हातातच. मग ते स्वतः त्या गावी गेले, मंदाकिनीच्या वडलांच्या पाया पडले. त्यानंतर त्यांनी कुणाची कॅसेट पुन्हा वापरली नाही. पण त्यानं मंदाकिनीचं लग्न परत येणार नव्हतं.

वर्षाभरानं ती नवऱ्याबरोबर बाजाराला आली, तेव्हा स्टुडिओत डोकावली. जे आहे ते बघायचं म्हणाली. मी लावलं. ती खूप हसली. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आमच्यात कायम भांडणं का हुतात ते आज कळलं. सावधान कुणी म्हणलंच न्हाय. म्हणलं असतं तर मी सावध झाले नसते?"

नवरासुद्धा हसला. ते दोघं पायऱ्या उतरून गेले. मग ती एकटीच परत वर आली.

"ताई," तिनं विचारलं, "पाठवणीचं काहीच न्हाय का? आमचे वडील त्या दिवशी रडले म्हणत्यात सगळे. माझं त्वांड पदरात हुतं. मला बघायचं हुतं."

मी नाही म्हणाले. ती बरं म्हणून गेली.

*

नंदाच्या सीडीचा किस्सा आण्णा गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचे. मला ते कधी जमलं नाही.

नंदा बावड्याकडची. चांगली शिकलेली, बोलायला चटपटीत, रंगानं सावळी. तिचे वडील तात्या साधे शेतकरी. पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगा लोणी देवकरला कंपनीत इंजिनीयर. पत्रिका जुळली. पण मुलाच्या आईला प्रवास झेपत नव्हता. त्यांनी कळवलं की मुलीचा व्हिडिओ करून पाठवा. कॅसेट नको, आमच्याकडं टीव्हीला जोडायचा सीडीचा नवा प्लेअर घेतलाय, सीडी पाठवा. कॉम्प्युटर वगैरे आमच्याकडं काही नाही.

दिलीपनं रानात, विहिरीवर, घरात असं छान शूटिंग केलं. नंदानं कॅमेऱ्याकडं बघून आपली माहिती सांगितली, एक गाणं म्हटलं. मी ते सगळं जोडून फाइल केली. सीडी लिहायचं मशीन तेव्हा आमच्याकडं नव्हतं. पुण्याच्या एका दुकानात आण्णांनी हार्डडिस्क नेली, तिथल्या दुकानदारानं सीडी लिहून दिली, तात्यांनी ती थेट पाव्हण्यांकडं पोचवली.

पंधरवड्यानं निरोप आला. व्हिडिओ सगळ्यांनी बसून बघितला. मुलगी हुशार वाटली. पण रंग फारच सावळा दिसला, आणि चालताना जरा पोक काढते असं मुलाच्या आत्याचं मत पडलं. तेव्हा क्षमा असावी. सीडी सोबत परत करत आहोत.

तात्यांच्या मनाला ते फार लागलं. पोक काढते म्हणून त्यांनी घरात नंदाला दोनदा टोकलं. नंदाची आई तिला हळद-साय लावायला लागली.

महिन्याभरानं दुसरं स्थळ आलं. त्यांनाही व्हिडिओ हवा होता. तात्या नंदाला घेऊनच स्टुडिओत आले. आहे तीच सीडी चालेल का, नीट बघा म्हणाले. मी सीडी प्लेअरमध्ये घातली. प्लेअरनं जरा वेळ फिरवली आणि पडद्यावर अक्षरं आली, नो डिस्क. काढली, पुसली, पुन्हा घातली. नो डिस्क. शेजारच्या दुकानातला प्लेअर मागून आणला. त्याच्यातही तेच.

मग कॉम्प्युटरमध्ये घालून बघितली तेव्हा उलगडा झाला. पुण्याच्या दुकानदारानं माझी फाइल जशीच्या तशी सीडीवर ठेवून दिली होती. ती कॉम्प्युटरवर दिसायची. पण टीव्हीला जोडायच्या प्लेअरला सीडी वेगळ्या रीतीनं लिहावी लागते. ही सीडी तसल्या कुठल्याच प्लेअरवर लागली नसती.

तात्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांनी बघितला त्यो कसा?"

नंदाच्या लक्षात केव्हाच आलं होतं. ती खिडकीजवळ उभी होती. तिनं पाठ ताठ केली आणि म्हणाली, "न बघता एवढं दिसतं त्यांना, तात्या. बघितल्यावर काय दिसलं असतं!"

आण्णा इथं थांबायचे आणि गिऱ्हाईक हसायचं. पुढचं ते सांगत नसत. तात्या सीडी हातात घेऊन बाकावर बसले. मग नंदाकडं न बघता म्हणाले, "मीबी तुला पोक काढू नको म्हणालो."

दुसऱ्या स्थळाला तिनं व्हिडिओ पाठवू दिला नाही. तिचं लग्न झालं ते अकलूजच्या एका मास्तराशी, समोरासमोर बघून. आम्हाला आमंत्रण होतं, पण शूटिंग नको म्हणून आधीच बजावलं होतं. दिलीप आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या लग्नात दोन्ही हात मोकळे घेऊन उभा होता. काय करावं त्याला सुचेना, म्हणून वाढायला लागला.

*

लोणी भापकरचे बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन गावी राहायचे. त्यांच्या घरानं आधीच्या पिढीतच बौद्ध धम्म घेतलेला. त्यांच्या भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली नातीचं नर्सिंगचं सर्टिफिकेट लावलेलं. मुलगा मिलिंद पुण्याला बँकेत होता.

त्या नातीच्या, म्हणजे मिलिंदच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग आम्ही केलं होतं. ते मंदाकिनीच्या आधीचं लग्न, आमच्याकडची मूळ कॅसेट तेव्हाच दुसऱ्या लग्नाला वापरली गेली होती. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि जेवणाच्या आधी बाबांच्या बायकोनं, सगळे तिला आक्का म्हणत, माइक मागून घेतला. आक्का जात्यावर स्वतःच्या ओव्या रचायच्या. त्यातल्या काही नातीसाठी केल्या होत्या, त्या म्हटल्या. दिलीपला एवढं आठवत होतं की मांडव गप्प झाला होता. शब्द त्याला आठवत नव्हते. शूटिंग करताना मी ऐकत नसतो, बघत असतो, असं तो म्हणायचा.

नंतर आक्का गेल्या. कॅसेट घरातल्या पेटीत होती, पावसाळ्यात तिला पांढरी बुरशी आली. मिलिंद ती घेऊन पुण्यात एका दुकानात गेला. त्या माणसानं टेप पुसून पुसून कशीबशी एकदा चालवली, कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली, फाइल सीडीवर दिली आणि बुरशीची कॅसेट मशीनं खराब करेल म्हणून टाकून दिली. मिलिंदनं फाइल उघडून बघितली तर चित्र होतं, आवाज नव्हता. तो परत गेला तोवर त्या माणसानं दुकान कायमचं आवरलं होतं.

मिलिंद ती सीडी घेऊन आमच्याकडं आला. मी जे जे माहीत होतं ते सगळं केलं. आवाज त्या डब्यात होता, हे मला दिसत होतं. तिथं जागा होती, लांबी होती. पण त्या माणसाच्या मशीननं तो कुठल्या तऱ्हेनं भरला होता देव जाणे. आमच्याकडच्या कशानंही तो मोकळा होईना. पुण्यात दोन ठिकाणी पाठवून बघितला. नाहीच.

शेवटी मिलिंद म्हणाला, "असू दे ताई. बाबांना दिसू दे तरी. त्यांचा गुडघा धरलाय, त्यांना इथवर आणता येत न्हाय."

म्हणून एका रविवारी सकाळी आण्णांनी ओळखीच्या माणसाची जीप घेतली, कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला आणि आम्ही तिघं लोणी भापकरला गेलो. ओसरीवर टेबल मांडलं. लेकी-सुना, नातवंडं जमली. बाबांना मधोमध खुर्ची दिली. आण्णांनी त्यांना आधीच सांगितलं की आवाज नाही, आमचे उपाय थकले. बाबांनी मान डोलावली.

मी फाइल लावली. मांडव दिसला, नात दिसली, आणि मग आक्का उठून माइकपाशी आल्या. पदर सारखा केला. ओठ हलायला लागले. ओसरीवर नुसता पंख्याचा आवाज. सुना रडायला लागल्या. आक्का माइक देऊन खाली बसल्या तेव्हा मी थांबवलं.

बाबा म्हणाले, "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं. या वेळी बाबा पुढं वाकून आक्कांच्या ओठांकडं बघत होते. संपल्यावर त्यांनी हातानंच खूण केली, पुन्हा.

तिसऱ्या वेळी आक्कांचे ओठ हलले आणि ओसरीवर आवाज आला. घोगरा, दबका, कंडक्टरचा. बाबा म्हणत होते, बरोबर तिच्या ओठांबरोबर:

"माझ्या अंगठ्याची शाई, माझ्या नातीनं पुसली
तिच्या सहीच्या रेघंत, मला पुनव दिसली..."

मिलिंद माझ्याकडं बघायला लागला. नंतर त्यानं सांगितलं, बाबांना ओव्या येतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई जात्यावर बसली की ते पेपर घेऊन बाहेर जायचे, असंच सगळ्यांनी बघितलं होतं.

दोन ओव्या झाल्या. मग पडद्यावर आक्का थांबल्या. माइक जरा खाली धरला, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, जिथं पुरुषांच्या खुर्च्या होत्या तिकडं बघितलं, काहीतरी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

बाबाही थांबले होते.

धाकटी लेक डोळे पुसत जवळ सरकली. तिनं विचारलं, "बाबा, हितं काय म्हणाली आई?"

"ते तुमच्यासाठी न्हवतं," बाबा म्हणाले, आणि आक्कांनी माइक वर घेतला तशी पुढची ओवी धरली.